फोन लावून द्या, मग बाजूला व्हा : घरात अडकलेल्या माणसाची नाती टिकवण्यासाठी केअरटेकरने काय करावं

खासगी केअरटेकरला काम समजावून सांगताना घरचे लोक अंघोळ, औषधं, व्यायाम, रात्रीची उठबस असं सगळं नीट सांगतात. जाता जाता म्हणतात, "आणि जरा गप्पा मारत जा त्यांच्याशी, फार एकटे पडलेत." हे शेवटचं काम वाटतं तितकं हलकं नाही. केअरटेकर गप्पा मारायला लागली की घरच्यांच्या जिवावरचं ओझं उतरतं, येणंजाणं आणखी कमी होतं, आणि काही महिन्यांत त्या माणसाला बोलायला केअरटेकरशिवाय कोणी उरत नाही. मग तिची सुट्टी म्हणजे यांचा उपास.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. तुम्ही सोबत द्यायचीच, पण तुमचं खरं काम आहे त्यांची स्वतःची माणसं त्यांच्यापर्यंत पोहोचती ठेवणं. खालची सगळी पावलं त्या एका हेतूने लिहिली आहेत.

हे 'वेळ उरला तर' करायचं काम नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो. २०१० साली १४८ अभ्यासांची आणि ३ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्यांची नाती भक्कम होती त्यांची तग धरण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. नात्यांमुळेच माणूस जगतो असं त्यातून थेट सिद्ध होत नाही. पण रक्तदाबाची गोळी चुकली तर आपण घाबरतो, आणि महिनाभर कुणाचा फोन आला नाही हे आपल्या लक्षातही येत नाही, हे काही बरोबर नाही.

पहिला आठवडा : वही उघडा

लगेच फोन लावत सुटू नका. आधी माणसांची यादी करा. मोबाइलमधले नंबर, जुनी फोनची डायरी, लग्नाचा अल्बम, कपाटातली पत्रं, यातून नावं निघतात. अल्बम बघता बघता निघालेली नावं जास्त खरी असतात, कारण तिथे चेहऱ्याबरोबर गोष्टही येते. प्रत्येक नावापुढे लिहा: एकमेकांना काय हाक मारतात, शेवटचं कधी बोलले, फोन आवडतो की भेट, आणि दोघांना जोडणारा विषय कोणता. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "बहीण" एवढंच लिहून भागत नाही. "बहीण, दोघींना भरतकामाचं वेड" असं लिहिलं की बोलायला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

यादीत फक्त नातेवाईक आणि जिवलग नकोत. वर्षानुवर्षं केस कापणारा, सकाळच्या फिरण्यात भेटणारे, ऑफिसातला शिपाई, वाचनालयातल्या बाई यांच्याशी नातं वरवरचं असतं, पण 'मी या जगात आहे' हे रोज जाणवायचं ते अशा लोकांमुळे. घरात बसल्यावर सगळ्यात आधी हीच माणसं सुटतात आणि त्यांना परत बोलावायचं कुणाला सुचत नाही.

नको असलेल्या माणसांचीही नोंद हवी. कुणाशी पैशावरून बिनसलेलं असतं, कुणाच्या सल्ल्यांचा कंटाळा आलेला असतो. तुम्हाला वाटतं म्हणून समेट घडवायला जाऊ नका. आणि आयुष्यभर दोनच मित्रांत रमलेल्या माणसाला आता वीस जणांच्या ग्रुपमध्ये ढकलू नका.

परिस्थिती किती बिकट आहे याचा अंदाज घ्यायला ल्युबेन या संशोधकांची ६ प्रश्नांची छोटी चाचणी वापरली जाते. तीन प्रश्न नातेवाइकांबद्दल, तेच तीन मित्रांबद्दल: महिन्यातून निदान एकदा किती जणांशी बोलणं किंवा भेट होते, किती जणांशी मनातलं बोलता येतं, किती जणांकडे मदत मागता येते. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३०. बेरीज १२च्या खाली आली तर माणूस एकटा पडण्याचा धोका आहे असं धरतात. हे निदान नाही. पण दोन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले की आपल्या खटपटीचा उपयोग होतोय का ते दिसतं. कागद-पेन घेऊन परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. बोलता बोलता विचारा आणि नंतर लिहून ठेवा.

'नको'मागचं कारण शोधा

"मावशी, ताईंना बोलवू या का?" "नको गं, तिला कशाला त्रास." बहुतेक केअरटेकर इथेच थांबतात. पण या 'नको'खाली बऱ्याचदा शरीराची एखादी अडचण असते, आणि ती सांगायची लाज वाटते. माझ्या मते या कामातला निम्मा भाग ही अडचण हुडकण्यातच आहे.

पहिला संशय कानावर घ्या. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त अशी व्यंजनं गळतात आणि स्वर तेवढे ऐकू येतात. त्यामुळे "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार अगदी खरी असते. लोक मग हसून वेळ मारून नेतात आणि हळूहळू बोलणंच टाळतात. डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टींची यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली दिली. तिच्यात ऐकू न येणं, दृष्टीदोषावर उपचार न होणं आणि समाजापासून तुटणं हे तिन्ही आहेत. रोजच्या कामात याचा अर्थ एवढाच, की कानात मळ साठलाय का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं (स्वतः काडी घालायची नाही), श्रवणयंत्र असेल तर ते कानात आहे का, चालू आहे का हे फोन लावण्यापूर्वी बघायचं. बटणासारखे सेल लागणाऱ्या यंत्रात सेलवरच्या पट्टीचा रंग आकार सांगतो: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. पट्टी काढली की हवा लागून सेल चालू होतो, म्हणून ती काढल्यावर मिनिटभर थांबून मग यंत्रात बसवा. आणि एकदा पट्टी निघाली की यंत्र वापरा किंवा नका वापरू, सेल उतरतच राहतो. 'तयारी' म्हणून चार-चार सेल उघडून ठेवू नका.

दुसरा संशय लघवीचा. मध्येच उठावं लागेल, वास येईल, डाग दिसेल ही भीती माणसाला कुणासमोर येऊ देत नाही. यावर धीराचे शब्द देऊन काही होत नाही, व्यवस्था लागते. पाहुणा यायच्या अर्धा तास आधी बाथरूमला नेऊन आणायचं, पॅड बदलायचं, खोली हवेशीर करायची, आणि मध्ये उठावंसं वाटलं तर करायची खूण ठरवायची. त्यांनी चष्मा हातात घेतला की तुम्ही म्हणायचं, "काका, औषधाची वेळ झाली, पाच मिनिटं आत येऊन जा." पाहुण्याला काही कळत नाही, आणि काकांना पुढच्या वेळी नाही म्हणायचं कारण उरत नाही.

बाकीची कारणं पटकन सांगते. कवळी सैल झालेली असते. केस विस्कटलेले, दाढी वाढलेली असते. दम लागतो म्हणून लांब वाक्य बोलता येत नाही. पार्किन्सनमध्ये (कंपवातात) आवाज इतका खाली जातो की समोरचा "काय? काय?" करत राहतो. आणि काही वेळा 'त्रास कशाला' याचा सरळ अर्थ असा असतो, की आपण रिकाम्या हाताने कुणाला बोलवायचं हे त्यांना पटत नाही. त्यावर पुढे येतेच.

वेळ त्यांच्या शरीराला विचारून ठरवा

चार-पाच दिवस फक्त बघा: दिवसात कोणत्या तासाला चेहरा उजळतो? पार्किन्सनच्या रुग्णाला औषध लागू पडलेलं असताना बोलणं-हालणं सोपं जातं, तीच वेळ फोनची. डिमेन्शियात संध्याकाळी अस्वस्थता वाढण्याची शक्यता असते, म्हणून भेटी सकाळच्या. अंघोळीनंतर लगेच नको, थकवा असतो. घरच्यांना त्यांच्या सोयीची वेळ हवी असते, हे मान्य; पण रात्री नऊला पेंगणाऱ्या माणसाशी बोलून "हल्ली बाबा काही बोलतच नाहीत" असा निष्कर्ष निघत असेल, तर वेळ बदलायला सांगणं हे तुमचं काम आहे.

व्हिडिओ कॉल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

इथे थोडं बारकाईने सांगते, कारण बहुतेक कॉल अगदी साध्या कारणांनी फसतात.

समजा, एका काकांना पक्षाघातानंतर उजव्या बाजूचं दिसत नाही. त्यांच्या उजव्या हाताला टॅब ठेवला तर मुलगी दहा मिनिटं बोलते आणि काका भिंतीकडे बघत बसतात. तिला वाटतं, बाबांचं लक्ष नाही. टॅब डावीकडे सरकवला की तेच काका तिच्या कानातल्याबद्दल विचारतात. म्हणून दिसणारी बाजू कोणती, चांगला कान कोणता, कोणत्या हाताने टॅब हलवता येतो, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तयारीचा क्रम असा ठेवा. टॅब किंवा मोबाइल स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला, हातभर अंतरावर. हातात धरायला दिला तर समोरच्याला छत दिसतं. खिडकी पाठीमागे नको. उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे. टीव्ही बंद, पंख्याचा आवाज कमी. चष्मा पुसलेला. आवाज पूर्ण वाढवण्यापेक्षा मोठे हेडफोन किंवा श्रवणयंत्राला थेट जोडणी बरी. समोरच्यालाही दोन गोष्टी आधीच कळवून ठेवा: तोंड उजेडात ठेवा म्हणजे ओठ दिसतात, आणि ओरडू नका. ओरडल्याने आवाज फाटतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. न कळलेलं वाक्य तसंच पुन्हा म्हणण्याऐवजी दुसऱ्या शब्दांत सांगायचं.

मग कॉल लावा, आवाज-चित्र ठीक आहे का बघा, एखादा विषय पुढे करा: "ताई, मावशींनी तुमच्या त्या निळ्या कापडाची चौकशी केली होती." एवढं झालं की बाजूला व्हा. खोलीतून बाहेर जा, हाकेच्या अंतरावर राहा. हे फार थोड्या केअरटेकरना जमतं. शेजारी उभं राहून आपणच उत्तरं द्यायची, "हो, आज छान झोप लागली त्यांना," असंच बहुतेक वेळा होतं. ते चांगल्या मनानेच होतं, पण त्या दोघींचा संवाद तुमच्या आणि ताईंच्या संवादात बदलून जातो. तुमच्यासमोर कुणी मनातलंही बोलणार नाही. फोन अडला तरच आत या.

लांबी पंधरा-वीस मिनिटं पुरे. संपवताना पुढचा दिवस आणि वेळ ठरवून ठेवा आणि कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. 'कधीतरी बोलू' यातून काहीच निघत नाही. 'गुरुवारी अकराला' याची वाट बघता येते.

व्हिडिओ सगळ्यांना मानवतो असंही नाही. पडद्यावर स्वतःचा आजारी चेहरा बघणं काहींना सहन होत नाही; स्वतःचं चित्र लपवायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर साधा फोन लावा. धाप लागत असेल तर दुसऱ्याने बोलायचा किंवा वाचून दाखवायचा कॉल ठेवा. यांनी फक्त हुंकार द्यायचा. आवाजी संदेश अनेकांना सोयीचे पडतात, कारण आपल्या गतीने बोलता येतं आणि पुन्हा पुन्हा ऐकता येतं. हाताने लिहिलेलं पत्रही अजून चालतं. लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं, त्यांच्याच शब्दांत. तुमचं शुद्धलेखन आणि तुमची भाषा त्यात घुसवायची नाही.

पाहुणा येतो तेव्हा

भेटायला येणाऱ्याला बहुतेक वेळा काय बोलावं ते सुचत नाही. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो, "कसं वाटतंय?" विचारतो आणि मग सगळी चर्चा आजारावर घसरते. त्याला दारातच दोन वाक्यांत कल्पना द्या: आज तब्येत कशी आहे, चांगला कान कोणता, कशाबद्दल विचारलं तर ते खुलतात. आजाराचा तपशील मात्र त्यांच्या परवानगीशिवाय सांगू नका. खुर्ची आधीच जागेवर हवी, डोळ्यांच्या रेषेत, चांगल्या बाजूला. आणि पाहुण्याच्या हाताला काहीतरी द्या: पत्ते, बुद्धिबळाचा पट, निवडायचे फोटो, गुंडाळायची लोकर. काम चालू असलं की मधली शांतता टोचत नाही.

सर्दी-खोकला असेल त्याला नम्रपणे दुसरा दिवस सांगा. एका वेळी दोनच माणसं. तिसरं आलं की ती तिघं आपसात बोलतात आणि ज्यांच्यासाठी आले ते ऐकत राहतात. लहान मुलं यावीत, पण त्यांना "आजोबांजवळ शांत बस" असं सांगून बसवलं तर ती पुन्हा येत नाहीत. आजोबांनी त्यांना काही दाखवायचं किंवा शिकवायचं असं ठरवा.

त्यांच्याकडूनही काहीतरी जाऊ द्या

रिकाम्या हातांचा विषय हाच. सतत घेणारा माणूस हळूहळू मागे सरतो. म्हणून दर आठवड्याला त्यांच्याकडून कुणाकडे तरी काहीतरी गेलं पाहिजे. निवृत्त शिक्षिका नातवाचा गणिताचा पाढा फोनवरून घेऊ शकते. जन्मभर कपडे शिवलेला माणूस पुतणीला बाही कशी कापायची ते सांगू शकतो. नातलगांचे वाढदिवस लक्षात ठेवून सकाळी फोन करायचा मान कुणालातरी द्यायचाच, तर तो यांना द्या. ओळखीतले दोघं आपापल्या घरात अडकलेले असतील तर रोज सकाळी एकमेकांना फोन करून "उठलास का?" विचारायचं काम जोडीने लावून द्या, त्यात काळजीही होते आणि सोबतही.

सल्ला मागणं हा यातला सगळ्यात स्वस्त आणि हमखास उपाय. "मावशी, ताईंना फोन लावू का?" याला 'नको' येतं. "मावशी, ताई विचारत होत्या, त्या कापडाला अस्तर लावायचं की नाही? तुम्हीच सांगा त्यांना," याला क्वचितच नकार येतो. फक्त ताईंनी खरंच विचारलेलं असू द्या. तेवढा फोन तुम्ही ताईंना आधी करून ठेवा.

खाटेपासून दारापर्यंत

'घराबाहेर पडत नाही' आणि 'पडूच शकत नाही' यात बरंच अंतर असतं. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना विचारून पायऱ्या ठरवा: खाटेवर टेकून बसणं, खिडकीशी खुर्ची, दारात दहा मिनिटं, मग अंगण किंवा जिना. बराच काळ झोपून असलेल्याला उभं करण्यापूर्वी काही मिनिटं खाटेच्या कडेला पाय सोडून बसवा, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते. व्हीलचेअरसाठी दाराची मोकळी रुंदी साधारण ३२ इंच लागते, आणि उताराचं प्रमाण १ इंच उंचीला १२ इंच लांबी असं ठेवतात. म्हणजे ६ इंचाच्या उंबऱ्याला ६ फुटांची फळी. तीन फुटांची फळी टाकून ढकलत नेणं धोक्याचं आहे. दारात रोज ठरावीक वेळी बसलं की येणारे-जाणारे आपोआप थांबतात. त्यासाठी तुम्हाला वेगळं काही आयोजन करावं लागत नाही.

आठवण किंवा वाचा गेली असेल तर

डिमेन्शिया असलेल्या माणसाला भेटायला आलेले लोक हमखास विचारतात, "ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?" हे थांबवणं तुमच्या हातात आहे. पाहुण्याने समोरून यावं, बसावं आणि स्वतःच सांगावं: "मी तुमच्या मोठ्या भावाची मुलगी." साधारण १० ते ३० वर्षांच्या वयातल्या आठवणी बऱ्याच जणांत जास्त टिकून असतात, म्हणून फोटो आणि गाणी त्या काळातली काढा. "आठवतं का?" असं न विचारता "या फोटोत तुम्ही सायकलवर आहात" म्हणून सुरुवात करा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. मनात दहापर्यंत मोजायची सवय लावा.

वाचाघात झालेल्याला शब्द सापडत नाहीत. बुद्धी जाग्यावर असते. हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न, बोट ठेवायला चित्रं आणि माणसांचे फोटो, लिहायला पाटी, एवढ्यावर छान भेट होते. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं का, हे त्यांना विचारून ठरवा. काहींना ती मदत वाटते, काहींना अपमान.

कुठे थांबायचं

त्यांच्या फोनवरचे संदेश वाचायला सांगितले तरच वाचा. फोटो काढून कुठेही टाकायचा असेल तर दर वेळी विचारा. एकदा दिलेला होकार कायमचा नसतो. पासवर्ड, ओटीपी, बँकेचे व्यवहार यांत पडू नका. एकटा माणूस भामट्यांना सोपा सापडतो, आणि आता आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. म्हणून "मी अडचणीत आहे, पैसे पाठवा" असा फोन आला तर तो ठेवून त्या नातलगाच्या नेहमीच्या नंबरवर उलट फोन लावायचा, हा नियम घरच्यांसमोर ठरवून फोनजवळ लिहून ठेवा.

घरातल्या भांडणात निरोप्या होऊ नका. आणि जुन्या मित्राच्या निधनाची बातमी लपवायला सांगितली, तर घरच्यांना तुमचं मत स्पष्ट सांगा: फोन लागत नाही म्हणून रोज वाट बघणं हे दुःख कमी नसतं. निर्णय मात्र त्यांचा.

इतकं करूनही माणूस दोन आठवडे सतत उदास राहिला, आवडीच्या माणसाशीही बोलेनासा झाला, झोप-भूक उडाली, 'आता जगून काय' असं म्हणू लागला, तर आणखी पाहुणे बोलावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवा. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं आलं तर त्याच क्षणी कळवा, आणि मदत येईपर्यंत एकटं सोडू नका.

नोंदी आणि बदली

औषधांच्या तक्त्याखालीच एक ओळ वाढवा: आज कोणाशी बोलणं झालं, किती वेळ, नंतर चेहरा कसा होता. 'नंतर' महत्त्वाचं. काही माणसांचा फोन येऊन गेला की रक्तदाब चढतो, हे अशाच नोंदीतून उघडं पडतं. आठवड्याला एकदा ती घरच्यांना दाखवा, पण मनमोकळं बोललेलं काही त्यात लिहू नका. कोण, कधी, किती वेळ, एवढंच.

सुट्टीवर जाताना किंवा काम सोडताना आठ-दहा दिवस आधी त्यांना स्वतः सांगा, अचानक नाहीसे होऊ नका. नव्या केअरटेकरबरोबर निदान एक फोन आणि एक भेट एकत्र करा, म्हणजे टॅब कुठे ठेवायचा, खूण कोणती, कोणाला कधी फोन हे तिला बघून कळेल. वही तिच्या हातात द्या, पहिलं पान तिच्यासमोर मोठ्याने वाचा, आणि काकांना विचारा, "यात काही राहिलं का?"